टोपावरची नावं

न्हाय न्हाय, ते पातेलं पिशवीतच ऱ्हाऊ द्या पावणं, बाहेर काढू नका आत्ता. बसा हितं पायरीवर, ती पोत्याची घडी घ्या बुडाखाली, फरशी तापलीय उन्हानं. व्हय, वळखलं की — वळखीन न्हाय तर काय, सुनेचा सख्खा थोरला भाऊ, लग्नात माझ्या गळ्यात पडून रडलावता तुम्ही, मी इसरलो न्हाय. जयसिंगपूरवरनं आलायसा, एसटीत पिशवी मांडीवर धरून बसला असणार — संघप्रियानं बजावलं असंल, दादा, पोचा पडू दिऊ नको. पोचा पडला की नाव नीट बसत न्हाय, हे तिला मीच शिकवलंय. काय घालायचं हाय ते बी म्हायत हाय मला. तिनं परवा आमच्या कारभारणीला, शेवंताला, फोनवर सांगितलं, शेवंतानं मला भाकरी वाढताना सांगितलं, मी तसाच उठून हात धुतला. तर ते ऱ्हाऊ द्या पिशवीत. आधी च्या येऊ दे. दुसरं म्हंजे नाव घालताना मी बोलत न्हाय, कवाच न्हाय, एक ठोका चुकला की पुसता येत न्हाय भांड्यावरचं. आणि आत्ता मला बोलायचंय.

हे बगताय व्हय? उचला की, चावत न्हाय. जड हाय ना? लढाईत डोक्यावर घालायचा लोखंडी टोप, पितळंचा काठ. गालावर ह्या झडपा, कपाळावर आडवी पट्टी — वरनं वार आला तर थांबवायला — आणि मागं मानेवर ही रुंद पट्टी आलीय न्हवं, तितं माझं काम. शिरोली एमआयडीसीत अमरसिंह मालकाचं शेड हाय, आधी पंपाचं पार्ट काढायचं, काम कमी झालं, मग त्यांच्या सुनंनं, स्वप्नालीताईनं, इंग्लंडची ऑर्डर धरली. तिकडं हौशी लोकं हाईत म्हणं, शनिवार-रविवार माळावर तंबू ठोकत्यात, निम्मी रोमन शिपाई हुत्यात, निम्मी केल्ट हुत्यात. केल्ट म्हंजे तिथली आधीपासनंची माणसं, एक जमात न्हाय, ढीगभर टोळ्या, प्रत्येकीचा म्होरक्या येगळा आणि एकाचं एकाशी पटत न्हाय — आपल्यासारखंच. अंगाला निळा रंग फासून लढाईला यायची म्हणं. तर ही हौशी मंडळी दोन दिस लढत्यात, मरत्यात, उठून जेवत्यात आणि सोमवारी हापिसात. त्यास्नी लागत्यात टोप. टोप खरा दिसायचा तर मानेवर नाव पायजे, टिंबाटिंबाचं, कारण खऱ्या टोपावर तसंच असायचं. दोन हजार वर्साखाली तितं बी कोणतरी आबा शिंगे बसलावता पायरीवर, छिन्नी-हातोडी घिऊन. आपल्या आयाभैनींच्या हंड्यावर असतं न्हवं, 'मामाकडून सप्रेम भेट', अगदी तसंच. पयल्यांदा फोटो दाखवला तवा मी म्हटलं, ताई, ही आपल्यातलीच माणसं की.

मशीनवर? व्हय, घालत्यात की मशीनवर. भुर्र करून पेन फिरवत्यात, वरवर चरा पडतो, दोन वर्स घासलं की नाव गेलं. जयसिंगपुरात बी असंल मशीनवाला, तुमच्या गल्लीच्या तोंडाला. तितं गेला असता तर आत्तापातुर घरी पोचला असता. पण ती तसं करायची न्हाय. आबांच्या हातानं नाव पडल्याबिगार मी काय पुढचं बोलणार न्हाय, असं म्हणालीय न्हवं? मला सगळं म्हायत हाय पावणं. इचलकरंजीचं स्थळ हाय, शाळंत मास्तर हाय, त्याची बायको वारलीय, आमच्या नातीला, सोनमला बी पदरात घ्यायला तयार हाय. चांगला असंल माणूस. मी वाईट कशाला म्हणू? मी काय तिचा पाय धरून बसलोय व्हय — तिला वाटतंय मी धरलाय. शेवंता बी तेच म्हणती.

ह्या टोपाचं सांगतो तुम्हाला, च्या घ्या. एका टोपावर एक नाव नसतं. बगा, हितं तीन हाईत, एकाखाली एक, मी जुन्या फोटोवरनं उतरवलेत. म्हटलं ताई, एका डोक्याला तीन माणसं कशी? ती म्हणाली, आबा, टोप पलटणीचा. शिपाई मेला नायतर म्हातारा हून सुटला की टोप दुसऱ्याला. मग दुसऱ्यानं आपलं नाव खाली घालून घ्यायचं. वरचं खोडायचं न्हाय. म्हटलं खोडत का न्हवते? तर हसली, म्हणाली, ते कुणी लिहून ठेवलं न्हाय. मी घरी गेल्यावर बी इचार करत हुतो. खोडायला काय लागतं, दोन घाव आडवे मारले की झालं. पण मेलेल्याचं नाव मानेवर घिऊन दुसरा उभा ऱ्हायचा पहाऱ्यावर. त्याला जड वाटत नसंल? का बरंच वाटत असंल, एकट्यापरास?

आणि पहारा तरी कुठला — मुलखाच्या पार टोकाला. इंग्लंडच्या वरच्या अंगाला डोंगर, त्या डोंगरावरनं ह्या समुद्रापासनं त्या समुद्रापतुर दगडी भिंत, भिंतीला ठाणी. अलीकडं रोमचं राज्य, पलीकडं टोळ्या. बारा महिने पाऊस आणि धुकं. आपलं राधानगरीचं जंगल श्रावणात असतं तसं, पण त्याच्यात थंडी. आणि ठाण्यातली माणसं रोमची न्हवतीच पावणं, ते मला लई लागलं. रोमचं असायचं वरचे सायेब. खालचं शिपाई कुठलं कुठलं, हॉलंडकडचं, फ्रान्सकडचं, एकादं तर पार सिरियाचं. फ्रान्सकडची तर स्वतः केल्टच. त्यांच्या बापजाद्यांचा मुलूख रोमनं जिंकला, मग त्यांचीच पोरं भरती केली आणि न्हेऊन दुसऱ्या केल्टांच्या तोंडावर बसवली. पंचवीस वर्सं नोकरी. जगला तर शेवटी एक पितळंचा पत्रा द्यायचं, त्यावर त्याचं नाव खोदून — आजपासनं तू रोमचा माणूस, तुझी बायको तुझी, तुझी पोरं तुझी. तवर? तवर लगीन करायची परवानगीच न्हाय. पण माणूस ऱ्हातंय व्हय तसं? ठाण्याच्या दाराभाईर झोपड्या पडल्या, दुकानं पडली, दारूचे गुत्तं, आणि त्यात ह्यांच्या बायका-पोरं, तिथल्याच टोळ्यांतल्या बाया. दिवसा भिंतीवर उभं ऱ्हाऊन तिच्या भावकीवर भाले रोखायचं आणि सांच्याला तिच्या चुलीपाशी जाऊन जेवायचं.

आमचा पोरगा प्रसेनजीत असाच सांगायचा मिलिटरीतनं फोनवर. पूर्वेकडच्या डोंगरात पोस्टिंग, नाव काय सांगायचा न्हाय, सांगायचं नसतं. म्हणायचा, आबा, हितली लोकं भाजी देत्यात, पैसं घेत्यात, पर आमच्याकडं बगत न्हाईत. आपण मुलखाची राखण करायला आलोय आणि ज्याच्या दारात उभं ऱ्हायलोय तोच बगत न्हाय. मी म्हटलं, बाबा, आपल्या वाड्यावस्तीकडं बी लोकं शंभर पिढ्या बगत नव्हतीच, त्यात नवं काय? तर हसला. म्हणाला, आबा, पण हितं न बगितलेला माणूस म्हंजे मी न्हाय, मी तर बंदूकवाला हाय, हितं मी गावचा पाटील झालोय. त्याला ते बरं वाटत नव्हतं, आवाजावरनं कळायचं. मग एक म्हातारी बगायला लागली म्हणाला, बांबूचा कोंब आणून द्यायची, त्याच्या नाकाकडं बोट करून कायतरी म्हणायची आणि सगळ्या बाया हसायच्या. मोजे मागायचा सारखा. लोकरीचे. वाळतच न्हाईत म्हणायचा. आणि स्वप्नालीताई मला एक दिवस सांगती, त्या भिंतीपाशी चिखलात लाकडाच्या पातळ पातळ चकत्या घावल्यात, त्यावर पत्रं लिवलेली, आणि एकात घरच्यांनी लिवलंय, तुला मोजे धाडलेत, आत घालायच्या चड्ड्या बी धाडल्यात. दोन हजार वर्सं झाली, आणि चिखलानं मोज्याची गोष्ट तेवढी ठेवली. मी टोप खाली ठेवला आणि म्हटलं, ताई, जरा पाणी पिऊन येतो.

तर त्या शिपायांतलं काही पळून जायचं. व्हय, भिंतीपल्याड. कटाळायचं, मार खायचं, नायतर जीव जडायचा कुणावर, आणि एका धुक्याच्या दिवशी टोप हितंच टाकून पलीकडं. टोळीत मिसळायचं, केस वाढवायचं, त्यांची भाषा बोलायचं. रोमची लोकं काय करणार, यादीत लिहायचं आणि गप्प बसायचं. हे ऐकल्यापासनं पावणं, माझ्या डोस्क्यात काय बसलं ते तुम्हाला म्हायत हाय, सगळ्या भावकीला म्हायत हाय, म्हातारा खुळावलाय म्हणत्यात. म्हणू द्यात की. सरकार म्हणतंय, गस्तीवर असताना दोरीच्या पुलावरनं नदीत पडला, पाऊस हुता, घावला न्हाय. घावला न्हाय म्हंजे मेला असं कोण म्हणतंय? ते पोरगं पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरनं उड्या टाकत हुतं, पंचगंगेत ल्हानपण गेलं त्याचं, आणि त्याला डोंगरातली एक नदी न्हेती व्हय? मी म्हटलं, गेलाय पलीकडं. त्या म्हातारीच्या घरात बसला असंल, बांबूचं कोंब खात. केस वाढवलं असंल. एक दिवस यील.

बगू नका तसं. शेवंता बगती तेवढं पुरं हाय.

आणि एक गंमत सांगतो, कुणाला सांगू नका, मालकाच्या कानावर गेलं तर काम जाईल माझं. ह्या टोपाच्या आत, मानंच्या पट्टीला आतल्या अंगानं, जितं चामडं बसवत्यात न्हवं, त्याच्याखाली — घाला बोट, लागतंय? खरबरीत? ते नाव हाय. मराठीत. प्रसेनजीत. दोन वर्सं झाली, शेडमधनं जो टोप गेला त्याच्यात आतनं हेच हाय. भाईरनं त्यांची ती रोमन नावं, आतनं आमचं. का म्हंजे? यादीत नाव ऱ्हावं म्हणून, कुठल्या तरी पलटणीच्या. तर काय झालं, एका गिऱ्हाइकानं चामडं बदलायला काढलं, स्कॉटलंडचा कुणीतरी, त्यानं फोटो धाडला, हे काय लिवलंय म्हणून. मी म्हटलं, गेलं आता काम. पण स्वप्नालीताई शाणी. तिनं त्याला लिवलं, हे पूर्वेकडनं आलेल्या एका शिपायाचं नाव हाय. खोटं बोलली का? न्हाय की. तर तो गडी इतका खूश झाला की आता त्यांच्या त्या तंबूत तो स्वतःला प्रसेन म्हणवून घेतो. सगळी त्याला प्रसेन म्हणूनच हाक मारत्यात. ताईनं मोबाईलवर दाखवलं, तांबड्या दाढीचा माणूस, चिखलात उताणा पडलाय, निळ्या रंगाचा एक जण भाला घिऊन वर उभा. आणि मग उठतो. दर शनिवारी मरतो माझा पोरगा तिकडं आणि उठून बसतो. मी ते लई येळा बगितलं. मरण्याचं न्हाय बगत मी. उठण्याचं बगतो.

हसा की, हसायचंच हाय ते.

न्हाय, नदीचं म्हणाल तर ते बी ऐका. हे टोप कुठनं घावले असतील खरेखुरे? जमिनीतनं थोडे, नदीतनं लई. नदीच्या गाळात. कोण म्हणतं नदी उतरताना पडले, कोण म्हणतं केल्ट लोक नदीला देव मानायचे, शत्रूचा टोप घावला की नदीला वाहायचे. आपल्या हितल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर बी रोमकडनं आलेली मूर्त निघाली, म्युझियमात हाय, समुद्राचा देव म्हणं — पाण्याचंच काम. तर नदी माणूस ठेवत न्हाय, पण नाव ठेवती. उलट पाण्यात नाव उठून दिसतं, का सांगतो, टिंबात गाळ बसतो, गाळ काळा, भांडं पांढरं, मग अक्षर कसं लख्ख वाचता येतं, ताटावर तर इतकं झाक दिसत हुतं की मला चष्म्याबिगार —

न्हाय, काय न्हाय. कुठलं ताट? मी टोप म्हणालो.

ताट म्हणालो व्हय.

शेवंताला सांगू नका. तेवढं करा माझ्यासाठी, तिला आजपातुर म्हायत न्हाय. हितंच हाय, ह्या हत्याराच्या पेटीत, तळाला. घ्या, बगा. भरती झाला तवा मीच घालून दिलतं सगळ्यावर, ताट, मग, डबा — तिकडं सगळ्यांची भांडी सारखी, चोऱ्या हुत्यात, नाव असलेलं बरं. 'प्रसेनजीत आबा शिंगे, कोल्हापूर'. कोल्हापूर घालू नका म्हणत हुता, लाज वाटती म्हणाला. मी घातलं. त्याच्याच पलटणीतला बाळासो म्हणून एक पोरगा हाय, गडहिंग्लजकडचा, तो सुट्टीवर आलता तवा घिऊन आला. घरी आला न्हाय. हितं आला, तुम्ही बसलाय तितंच बसला. त्याची पाठीवरची पिशवी नदीच्या लांब खालच्या अंगाला दगडात अडकलेली घावली, त्यात हे ताट, म्हणाला. मी म्हटलं, पिशवी टाकली असंल त्यानं, पवताना जड हुती म्हणून. तवा ते पोरगं रडायला लागलं. म्हणालं, 'आबा, हात धरलावता मी त्याचा. माझ्याच हातातनं सुटला.' डोळ्यानं बगितलं त्यानं, दोनदा वर आला, तिसऱ्यांदा न्हाय आला. भर बाजारात रडत हुतं, हंडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं बगत हुती. मी त्याला च्या पाजला. आणि सांच्याला घरी जाऊन शेवंताला म्हटलं, केस वाढवलं असंल गं त्यानं.

व्हय. म्हायत हाय मला. पयल्या पावसाळ्यापासनं म्हायत हाय. मग परत यील असं कशापायी म्हणत हुतो, इचारताय? पावणं, माझं कामच असं हाय. ह्या हातानं मी गावभरच्या मेलेल्यांची नावं घातल्यात. देवळाच्या घंटा, तालमीचं जेवणाचं डेग, बुद्धविहारातली समई. कै. म्हणा, आपल्यात कालकथित म्हणा — ती आधीची अक्षरं एकदा पडली की पडली. ज्याच्या नावाआधी मी ती घातली तो परत आला न्हाय कुणी. दुसऱ्या कुणी सांगितलं, छापून आणलं, सरकारनं शिक्का मारला, तर माझ्यासाठी ते हवेतलं हाय. मी घातलं की मग खरं. म्हणून घालत नव्हतो.

आणि तिला नेमकं माझ्याच हातचं पायजे.

आणा ते पातेलं. आणा की, द्या हिकडं. चांगलं जाड हाय, विहाराला जायचं म्हटल्यावर तिनं हात आखडला न्हाय. चिठ्ठी कुठाय? अक्षर तिचंच हाय, सरळ रेघंत, नाव लिहून आणताना असंच लिवायचं असतं. 'कालकथित प्रसेनजीत आबा शिंगे यांच्या स्मरणार्थ.' बरोबर हाय. खाली — 'अर्पण, पत्नी संघप्रिया'. हे न्हाय घालणार मी.

ऐका तर. तुम्ही बोलू नका, ऐका. हे पातेलं विहारात ऱ्हाणार. गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाला, जयंतीला, खिरीला निघणार, पन्नास वर्सं निघणार, माझा हात हाय हा, पुसायचा न्हाय. उद्या ती त्या मास्तराचा हात धरून येणार तितं, तिच्या पोटी आणखी एकादं लेकरू असणार, आणि पंगतीत कोणतरी बाई ह्यातनं खीर वाढताना वाचणार, पत्नी संघप्रिया. मास्तर वाचणार. ती वाचणार. कशाला? रोमचा शिपाई नोकरीतनं सुटला की पत्र्यावर लिहून द्यायचं की त्याला, तू मोकळा. तिला कोण देणार लिहून? खाली मी घालतो, 'अर्पण, आई-वडील'. माझं आणि शेवंताचं काम हाय ते, आमचंच ऱ्हायलंय. तिला सांगा, आबांनी घातलं. वरचं नाव खोडलं न्हाय, आणि तिचं नाव त्याच्याखाली अडकवलं न्हाय. नव्या संसाराची भांडी घेतली की म्हणावं हितंच आण, मास्तराचं पूर्ण नाव लिहून दे, आणि सोनमची वाटी येगळी आण. ताट मी आज घरी न्हेतो. शेवंताला दाखवतो.

सरका जरा. पातेलं मांडीवर घेऊ द्या. उजेड आडवू नका. आणि आता बोलू नका, मी नाव घालताना बोलत न्हाय.